ब्रिटिश टीव्हीची रंगीत संध्याकाळ (१९६७ ते १९७५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या ब्रिटिश सिरियल्स आता मोबाईलवर सहज सापडतात, आणि त्या बघितल्या की तेच तेच प्रश्न येत राहतात, हा एपिसोड मध्येच ब्लॅक अँड व्हाइट का, ती फळ्यापाशी बसलेली मुलगी कोण, रात्री साडेदहाला टीव्ही बंद म्हणजे काय. ते सगळे इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण अर्धे घोळ तिथेच सुटतात: रंगीत जमाना म्हटलं तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं बहुतेक घरांनी तो राखाडीच बघितला, आणि कार्यक्रम करणाऱ्यांनाही हे पक्कं माहीत होतं.

१. ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही नक्की कधी आला? कुठे १९६७ लिहिलंय, कुठे १९६९.

दोन्ही बरोबर आहेत, चॅनेल वेगळं. १ जुलै १९६७ ला बीबीसी टूने विम्बल्डनच्या टेनिसपासून रंगीत दाखवायला सुरुवात केली आणि युरोपात पहिला नंबर मारला. पश्चिम जर्मनी ऑगस्टमध्ये सुरू करणार हे ठरलेलं होतं, म्हणून आपलं त्याआधी उरकायची घाई होती. तेव्हा बीबीसी टूचे कंट्रोलर होते डेव्हिड ॲटनबरो, हो तेच, प्राण्यांच्या डॉक्युमेंटरीवाले. सुरुवातीला आठवड्याला थोडेच तास रंगीत असायचे, २ डिसेंबर १९६७ पासून रीतसर पूर्ण सेवा सुरू झाली. बीबीसी वन आणि आयटीव्ही, म्हणजे ज्या दोन चॅनेल्सना खरी गर्दी होती, ती १५ नोव्हेंबर १९६९ ला रंगीत झाली. त्यामुळे सामान्य माणसाच्या हिशोबाने १९६९ धरा.

२. चॅनेल्स किती होती? तीनच?

तीनच. चौथं यायला २ नोव्हेंबर १९८२ उजाडलं. बीबीसीची दोन, त्यांवर जाहिराती नाहीत, खर्च लायसन्स फीमधून, म्हणजे टीव्ही ठेवायला घरटी दरवर्षी भरायच्या पैशांतून (प्रश्न ६). तिसरं आयटीव्ही, ते जाहिरातींवर चालायचं, पण ती एक कंपनी नव्हती, प्रत्येक भागाची वेगळी. मँचेस्टरकडे ग्रॅनाडा, बर्मिंगहॅमकडे एटीव्ही, लीड्सकडे यॉर्कशायर, आणि लंडनमध्ये तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ७ पर्यंत थेम्स आणि त्यानंतर रविवार रात्रीपर्यंत लंडन वीकेंड टेलिव्हिजन, म्हणजे शुक्रवारी सात वाजता त्याच बटणावर दुसरी कंपनी यायची. गंमत म्हणजे बीबीसीचं वेळापत्रक रेडिओ टाइम्समध्ये आणि आयटीव्हीचं टीव्ही टाइम्समध्ये, पूर्ण आठवड्याचं सगळं हवं तर दोन्ही साप्ताहिकं विकत घ्या. हा प्रकार १९९१ पर्यंत चालला.

३. साधारण एखादी संध्याकाळ कशी असायची, किती वाजता काय?

१९७१-७२ च्या सुमाराचा सोमवार धरूया. दुपारी जवळपास काहीच नाही (दिवसाचं प्रश्न ९ मध्ये). चारनंतर मुलांचे कार्यक्रम, सोमवारी आणि गुरुवारी बीबीसी वनवर ब्ल्यू पीटर, रिकाम्या बाटल्या आणि चिकटपट्टी घेऊन काहीतरी बनवायचं वगैरे. मग बातम्यांच्या जरा आधी पाच मिनिटांचं मॅजिक राउंडअबाउट. हे मूळ फ्रेंच बाहुल्यांचं, पण इंग्रजी गोष्ट एरिक थॉम्पसन चित्र बघून आपल्या मनानेच रचायचा, आणि ते नेमकं बाबा लोक कामावरून घरी येताना लागत असल्यामुळे मोठेही बघायचे. एकदा वेळ बदलली तर तक्रारी मोठ्यांनीच केल्या.

पावणेसहा-सहाच्या सुमाराला दोन्हीकडे बातम्या. त्यानंतर आपापल्या भागातल्या बातम्या, रस्त्याचं काम, हरवलेलं कुत्रं, महापौरांची सभा. साडेसातला आयटीव्हीवर कोरोनेशन स्ट्रीट ही मालिका, सोमवार आणि बुधवार, आणि त्या अर्ध्या तासात उत्तर इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी फोन करू नये असा अलिखित नियम. आठला आयटीव्हीवर वर्ल्ड इन ॲक्शन आणि त्याच वेळी बीबीसी वनवर पॅनोरामा, म्हणजे दोन्ही मोठ्या चॅनेल्सवर एकदम गंभीर राजकारण. ज्याला नको त्याने बीबीसी टू लावायचं. आज हे कोणी धंद्याच्या दृष्टीने मान्य करणार नाही, पण मला ती व्यवस्था आवडते.

नऊला बीबीसीच्या बातम्या (१४ सप्टेंबर १९७० पासून नऊची वेळ पक्की झाली), दहाला आयटीव्हीचं न्यूज ॲट टेन, जे जुलै १९६७ पासून अर्ध्या तासाचं होतं आणि सुरू व्हायच्या आधी एवढा वेळ बातम्या कोण बघणार म्हणून लोक हसत होते. नऊच्या आधी लहान मुलांना न चालणारं काही दाखवायचं नाही हा दंडक दोघांनाही होता. मग एखादी चर्चा, हवामान, आणि बाराच्या आसपास शटर खाली (प्रश्न १५).

रिमोट फारसे कुणाकडे नव्हते हे लक्षात घ्या. चॅनेल बदलायला खुर्चीतून उठायला लागायचं, त्यामुळे कितीतरी घरं संध्याकाळी एकच चॅनेल लावून तिथेच बसायची आणि वेळापत्रक लावणारे पण हे धरूनच लावायचे, सातला गिऱ्हाईक पकडलं की रात्रीपर्यंत आपलंच.

४. १५ नोव्हेंबर १९६९ ला, पहिल्या दिवशी काय काय लागलं?

बीबीसी वनने मध्यरात्रीच सुरुवात केली, गायिका पेटुला क्लार्कच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाने. तो शनिवार होता. दिवसभर खेळ, संध्याकाळी स्टार ट्रेक, डिक्सन ऑफ डॉक ग्रीन ही पोलिसांची जुनी मालिका, हॅरी सिकोमचा शो, आणि रात्री मॅच ऑफ द डे हा फुटबॉलचा कार्यक्रम, त्यात लिव्हरपूल विरुद्ध वेस्ट हॅम, लिव्हरपूल २-० ने जिंकलं. लाल जर्सी लाल दिसली हीच त्या रात्रीची बातमी म्हणायची. आयटीव्हीवर ब्रिटनमधली पहिली रंगीत जाहिरात लागली ती बर्ड्स आय कंपनीच्या फ्रोझन मटारची. रंग दाखवायला मटाराहून चांगलं काय निवडणार.

बीबीसी वनच्या फिरत्या पृथ्वीच्या गोळ्याखाली तेव्हापासून 'कलर' असा शब्द यायला लागला. ज्यांच्याकडे रंगीत सेट नाही त्यांना दर कार्यक्रमाआधी ही आठवण. सेटवाल्या दुकानदारांना फुकटची जाहिरात मिळाली.

५. मग सगळ्यांनी ते रंगीत बघितलं का?

नाही हो, आणि हाच खरा मुद्दा आहे. एक तर सिग्नलच सगळीकडे नव्हता, सुरुवातीला लंडनसाठी क्रिस्टल पॅलेस, बर्मिंगहॅमसाठी सटन कोल्डफील्ड, लँकेशायरसाठी विंटर हिल, यॉर्कशायरसाठी एमली मूर, असे मोठे टॉवर चालू झाले आणि साधारण निम्मी लोकसंख्या त्यात आली. एमली मूरचा तर साडेबाराशे फुटांहून उंच खांब १९ मार्च १९६९ ला बर्फाच्या वजनाने कोसळला होता, रंगीत सेवा तोंडावर आलेली आणि टॉवर आडवा, मग तात्पुरत्या खांबावर भागवलं आणि नंतर आज दिसतो तो काँक्रीटचा मनोरा बांधला. एकेक भाग जोडत जायला वर्षं गेली, फ्रान्सजवळच्या चॅनल आयलंड्स या बेटांना आयटीव्ही रंगीत मिळालं ते थेट १९७६ मध्ये.

दुसरं म्हणजे किंमत. मोठा रंगीत सेट अडीचशे-तीनशे पौंडांना, आणि कारखान्यातल्या पुरुष कामगाराची सरासरी आठवड्याची कमाई तेव्हा पंचवीसेक पौंड. म्हणजे दहा-बारा आठवड्यांचा पगार. म्हणून बहुतेक लोक सेट विकत न घेता भाड्याने घ्यायचे, रेडिओ रेंटल्स, डीईआर, ग्रॅनाडा अशा कंपन्यांची दुकानं प्रत्येक गावात होती. भाड्याचा फायदा असा की बिघडला की त्यांचा माणूस येऊन दुरुस्त करणार, आणि ते सेट बिघडायचे फार, आत व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या, प्रचंड गरम, तीन रंगांचे किरण एकमेकांवर नीट बसवायला मागे डझनभर स्क्रू. सेट नुसता जागचा हलवला तरी कोपऱ्यात जांभळा डाग यायचा.

रंगीत लायसन्स ब्लॅक अँड व्हाइटच्या पुढे गेले ते १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध लागल्यावर. मधल्या काळात घरात कुणीतरी 'अमक्याकडे रंगीत आहे' म्हणून कप फायनल बघायला शेजारी जायचं. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडला जे झालं तेच, फक्त बारा-तेरा वर्षं आधी.

६. टीव्ही बघायला लायसन्स लागायचं? आणि रंगीतचं वेगळं?

हो, टीव्हीचं लायसन्स अजूनही लागतं. १ जानेवारी १९६८ पासून रंगीत सेटवाल्यांना नेहमीच्या ५ पौंडांवर ५ पौंड जादा, म्हणजे वर्षाला १० पौंड. १९७१ मध्ये ब्लॅक अँड व्हाइट ७ आणि रंगीत १२, आणि १९७५ मध्ये ८ आणि १८. म्हणजे फरक पाचावरून दहावर गेला. बीबीसीचं गणित सरळ होतं, जसजसे लोक रंगीतवर जातील तसतसं उत्पन्न आपोआप वाढेल, सरकारकडे दरवेळी हात पसरायला नको. सत्तरच्या दशकातल्या बीबीसीच्या भपकेबाज नाटकांचा आणि ख्रिसमस स्पेशल्सचा पैसा बराचसा इथून आला. लायसन्समधले विचित्र अपवाद शेवटच्या प्रश्नात आहेत.

७. घरातल्या जुन्या सेटवर बीबीसी टू का दिसायचं नाही?

कारण सगळी यंत्रणाच वेगळी. १९३६ पासून ब्रिटनचा टीव्ही ४०५ ओळींचा होता, म्हणजे चित्र ४०५ आडव्या ओळींनी बनायचं, आणि व्हीएचएफ या रेडिओ लहरींवर यायचं. बीबीसी टू १९६४ मध्ये आलं ते ६२५ ओळींवर आणि यूएचएफ या वेगळ्या लहरींवर, आणि रंग फक्त ६२५ वरच द्यायचा असं ठरलं. त्यामुळे जुना सेट निरुपयोगी, शिवाय छपरावरची ॲंटेनाही. जुनी ॲंटेना इंग्रजी एच किंवा एक्स अक्षरासारखी मोठी थोरली, नवी म्हणजे एका दांडीवर बारीक बारीक काड्यांची ओळ. गल्लीत मान वर करून बघितलं की कोणाकडे बीबीसी टू पोचलंय ते कळायचं.

बीबीसी वन आणि आयटीव्ही १९६९ नंतर दोन्हीकडे लागायचे, ४०५ वर ब्लॅक अँड व्हाइट आणि ६२५ वर रंगीत, आणि हे दुहेरी प्रकरण जानेवारी १९८५ पर्यंत ओढलं. ४०५ च्या सेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, ओळींची फ्रिक्वेन्सी १०,१२५ हर्ट्झ म्हणजे कानाला ऐकू येणारीच. ६२५ ची १५,६२५, ती लहान मुलांना ऐकू यायची, आजोबांना नाही.

८. पाल पाल म्हणतात ते काय? आपल्याकडेही तेच होतं ना?

रंगीत चित्र पाठवायची ती एक पद्धत, आणि हो, भारतातही पालच. अमेरिकेने १९५० च्या दशकात एनटीएससी पद्धत आणली होती, तिच्यात सिग्नल वाटेत जरा इकडेतिकडे झाला की रंगच बदलायचा, माणसाचा चेहरा हिरवट नाहीतर गुलाबी, म्हणून इंजिनिअर लोक चेष्टेने तिला 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर' म्हणायचे. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वॉल्टर ब्रुख यांनी युक्ती काढली, तीच पाल, की रंगाच्या माहितीतला एक भाग एका ओळीत सुलटा आणि पुढच्या ओळीत उलटा पाठवायचा. वाटेत चूक झाली तर एका ओळीत ती एका बाजूला आणि दुसऱ्या ओळीत विरुद्ध बाजूला जाते, दोन्हींची सरासरी काढली की चूक कटते, रंग थोडा फिका होईल पण बदलणार नाही. म्हणून ब्रिटिश सेटवर रंग कमी-जास्त करायचं बटण असायचं पण अमेरिकन सेटसारखं चेहरा हिरव्याचा गुलाबी करायचं बटण लागायचं नाही. लोक मात्र आहे ते बटणही पूर्ण वर करून ठेवायचे, पैसे मोजलेत तर रंग दिसला पाहिजे.

पालची एक खोड होती. बारीक चौकडीचं किंवा बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यासमोर आलं की सेटला ती बारीक नक्षी म्हणजे रंगाचाच सिग्नल वाटायचा, आणि करड्या रंगाच्या कोटावर निळ्या-पिवळ्या लाटा धावायला लागायच्या. त्या काळातल्या कार्यक्रमात कुणाचा ट्वीडचा कोट असा चमचमताना दिसला तर तुमची फाइल खराब नाहीये.

९. फळ्यापाशी बसलेली ती मुलगी आणि जोकर कोण? आणि तेच तासन् तास का दाखवायचे?

ते टेस्ट कार्ड एफ, म्हणजे सेट जुळवायला दाखवायचं स्थिर चित्र. जुलै १९६७ मध्ये आलं. मुलगी कॅरोल हर्सी, बीबीसीचे इंजिनिअर जॉर्ज हर्सी यांची, त्यांनीच ते कार्ड तयार केलं. जोकरचं नाव बबल्स. फळ्यावर फुली-गोळ्याचा खेळ आहे आणि त्यातली एक फुली बरोबर पडद्याच्या मध्यावर येते, ती बघून सेट नीट बसवता यायचा. मुलीचा चेहरा त्वचेच्या रंगासाठी. बबल्सचं अंग आधी हिरवं नव्हतं, पण चित्रात लाल आणि निळा होताच, हिरवा कमी पडत होता म्हणून त्याला हिरवं कापड गुंडाळलं.

दाखवायचं कारण धंद्याचं. दिवसा कार्यक्रम नसायचे, सरकारने प्रक्षेपणाच्या तासांवरच मर्यादा घातली होती, ती जानेवारी १९७२ मध्ये उठली. पण दुकानात रंगीत सेट विकायचा आणि घरी नेऊन बसवायचा तो दिवसाच ना, मग पडद्यावर काहीतरी रंगीत पाहिजे. म्हणून टेस्ट कार्ड, सोबत संगीत, आणि बीबीसी टूवर मधून मधून छोट्या रंगीत फिल्म्स, बऱ्याचशा तेल कंपन्यांनी बनवलेल्या. त्या फिल्म्स वेळापत्रकात छापल्या जायच्या नाहीत, तरी आजारी पडून घरी राहिलेली मुलं त्या इतक्या वेळा बघायची की पाठ व्हायच्या. २४ ऑगस्ट १९७३ ला त्या बंद झाल्या, आणि अजूनही त्यांच्या आठवणी काढणारे लोक भेटतात.

१०. स्नूकरचा तो प्रसिद्ध विनोद खरा आहे का?

टेड लोव हे कॉमेंटेटर एकदा म्हणाले की तो आता गुलाबी बॉलवर खेळतोय, आणि जे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघताय त्यांच्यासाठी सांगतो, गुलाबी हिरव्याच्या शेजारी आहे. लोव यांच्या नावावर हे वाक्य कायमचं लागलंय. पण मला यात विनोदापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. पॉट ब्लॅक हा कार्यक्रम जुलै १९६९ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाला तोच मुळी रंग दाखवायला, खर्च कमी, एक टेबल, दोन माणसं, एकच फ्रेम म्हणजे एकच डाव. आणि तरीही कॉमेंटेटरला दर मिनिटाला भान ठेवावं लागत होतं की ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सगळे बॉल राखाडी दिसतायत. खेळ लोकप्रिय झाला, रंगीत सेट नसलेल्यांनीही बघितला.

११. आधीपासून रंगीत बनवलेले पण ब्लॅक अँड व्हाइट दाखवलेले कार्यक्रम होते का?

भरपूर. थंडरबर्ड्स ही बाहुल्यांची मालिका १९६५ ची, रंगीत फिल्मवर, कारण अमेरिकेला विकायचं होतं, आणि खुद्द ब्रिटनमध्ये पहिल्यांदा लागलं ते ब्लॅक अँड व्हाइट. द प्रिझनर या मालिकेचंही तेच. बीबीसीकडे बघा, डॅड्स आर्मी या विनोदी मालिकेचा तिसरा सीझन सप्टेंबर १९६९ मध्ये रंगीत सुरू झाला आणि माँटी पायथन हा विनोदी कार्यक्रम ५ ऑक्टोबर १९६९ ला, तेही रंगीत, पण बीबीसी वन रंगीत झालं १५ नोव्हेंबरला. म्हणजे पहिले काही आठवडे ते रंग पडद्यावर पोचलेच नाहीत, अगदी महागडा सेट असला तरी. आज आपण यूट्यूबवर जे रंगीत बघतो ते त्या रात्री ब्रिटनमध्ये एकाही घरात तसं दिसलेलं नाही.

१२. उलटं, १९७०-७१ च्या आयटीव्हीच्या सिरियल्स मध्येच ब्लॅक अँड व्हाइट का होतात?

संप. पण पूर्ण काम बंद नाही. तंत्रज्ञांच्या युनियनचं म्हणणं, रंगीत उपकरणांवर काम करायचं तर जादा पैसे द्या. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ त्यांनी काम केलं, पण रंग बंद ठेवून. कोरोनेशन स्ट्रीट रंगीत होऊन वर्षच झालं होतं, ती परत राखाडी झाली. अपस्टेअर्स डाउनस्टेअर्स या मालिकेच्या पहिल्या सीझनचे काही भाग या काळातले आहेत, म्हणून ते ब्लॅक अँड व्हाइट, आणि पहिला भाग मग नंतर रंगीतमध्ये परत शूट केला, परदेशात विकायला. बीबीसीचा या संपाशी संबंध नव्हता, त्यामुळे बीबीसीचा एपिसोड ब्लॅक अँड व्हाइट दिसला तर कारण वेगळं, पुढचा प्रश्न बघा.

१३. कार्यक्रम रंगीत होता असं सगळीकडे लिहिलंय, पण आता ब्लॅक अँड व्हाइटच मिळतो. असं कसं?

कारण टेप पुसली. दोन इंच रुंदीची व्हिडिओटेप प्रचंड महाग, कार्यक्रम एकदा-दोनदा दाखवला, कलाकारांच्या कराराप्रमाणे परत दाखवायचं ठरलेलं नाही, मग तीच टेप पुसून दुसऱ्या कामाला. कोणाला वाटलं होतं लोक पन्नास वर्षांनी हे घरी बघणार. पण परदेशी स्टेशन्सना विकायला बीबीसी मॉनिटरवरून १६ मिलिमीटरच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर कॉपी काढायची, कारण घेणाऱ्या कितीतरी देशांकडे रंगीत टीव्ही नव्हताच. रंगीत टेप गेली, राखाडी फिल्म राहिली. डॉक्टर हू या विज्ञानकथांच्या मालिकेत जॉन पर्टवी हा नट डॉक्टर असतानाचे बरेच भाग असेच उरले होते. (डॉक्टर हूचे साठच्या दशकातले जे भाग पूर्णच हरवलेत ती वेगळी गोष्ट, ते मुळातच ब्लॅक अँड व्हाइट.)

आता यातली भारी गोष्ट. कॉपी काढताना कधी कधी रंगाचा सिग्नल गाळायचा राहून जायचा, त्यामुळे फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली, नीट झूम केलं तरच दिसते, वर्षानुवर्षं लोक त्याला खराब प्रिंट समजत होते. ते ठिपके म्हणजे रंगाची माहितीच होती. काही इंजिनिअर लोकांनी डोकं लावून सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्या ठिपक्यांमधून मूळ रंग परत काढले. डॅड्स आर्मीचा 'रूम ॲट द बॉटम' हा भाग असा परत रंगीत होऊन डिसेंबर २००८ मध्ये बीबीसीवर दाखवला. हे हाताने किंवा अंदाजाने रंगवणं नव्हे, शूटिंगच्या वेळी जो रंग होता तोच.

१४. सिरियलमधली पात्रं घरात असली की चित्राचा एक पोत आणि बाहेर पडली की वेगळंच चित्र, असं का दिसतं?

स्टुडिओत व्हिडिओ कॅमेरे आणि बाहेर १६ मिलिमीटर फिल्म. रंगीत व्हिडिओ कॅमेरा म्हणजे मोठं धूड, सुरू केल्यावर तापायला वेळ, आतल्या ट्यूब्ज एकमेकांशी जुळवत बसायच्या, तो घेऊन बाहेर जाणं सोपं नव्हतं. म्हणून माणूस दारातून बाहेर पाऊल टाकतो आणि सगळा रंग, हालचाल, उजेड बदलतो. ब्रिटिश प्रेक्षकाला याची इतकी सवय झालेली की माँटी पायथनवाल्यांनी त्यावरच एक स्किट केलं.

१५. रात्री कार्यक्रम संपल्यावर काय व्हायचं?

बीबीसी वनवर निवेदक उद्याचे कार्यक्रम सांगणार, गुड नाइट म्हणणार, राष्ट्रगीत, मग पडदा काळा. आयटीव्हीच्या काही भागांत त्याआधी पाद्रीबुवा दोन-पाच मिनिटं बोलायचे. थोड्या वेळाने, विशेषतः म्हातारी माणसं खुर्चीतच झोपतात म्हणून, सेट बंद करायची आठवण देणारा आवाज नाहीतर शिट्टी यायची. बंद केल्यावर पडद्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका लहान लहान होत बराच वेळ राहायचा.

१६. १९७३ मध्ये सगळं साडेदहालाच बंद करायचे ते कशासाठी?

वीज वाचवायला. तेलाचं संकट, त्यात खाणकामगारांचं आंदोलन, कोळसा कमी, तेव्हा पंतप्रधान हीथ यांच्या सरकारने कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज द्यायचं ठरवलं आणि टीव्हीला सांगितलं रात्री १०.३० ला बंद. १७ डिसेंबर १९७३ पासून सुरू झालं, नाताळात सूट, मग ८ फेब्रुवारी १९७४ पर्यंत. बीबीसी आणि आयटीव्ही काही मिनिटांच्या फरकाने बंद व्हायचे, कारण दोन्हीकडे एकदम संपलं तर अख्खा देश एकाच क्षणी उठून चहाची केटली लावणार आणि वाचवलेली वीज त्यातच जाणार. सूट कशी मिळाली हे कुणी विचारतं, तर कुठल्याही सरकारने नाताळात टीव्ही बंद करून बघावा.

१७. चंद्रावरचं पहिलं पाऊल ब्रिटनने रंगीत बघितलं का?

नाही, आणि कोणीच नाही, कारण अपोलो ११ चा चंद्रावरचा कॅमेराच ब्लॅक अँड व्हाइट होता. ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे २१ जुलै १९६९ च्या पहाटे चारच्या जरा आधी. अपोलो १२ ने मात्र रंगीत कॅमेरा नेला, १९ नोव्हेंबर १९६९ ला उतरले, म्हणजे ब्रिटनमध्ये रंगीत सुरू होऊन चारच दिवस झालेले, आणि अंतराळवीर ॲलन बीनकडून कॅमेरा सूर्याकडे वळला. ट्यूब जळाली. पुढचं सगळं आवाजावर.

१८. भारतीय लोकांसाठी टीव्हीवर काही होतं का तिथे?

संध्याकाळी नाही, रविवारी सकाळी. १९६५ मध्ये बीबीसीने 'अपना ही घर समझिये' सुरू केलं आणि १९६८ पासून 'नई ज़िंदगी नया जीवन', बर्मिंगहॅमहून, हिंदुस्तानीत, महेंद्र कौल हा त्यातला ओळखीचा चेहरा. इंग्रजी कसं बोलायचं, डॉक्टरकडे कसं जायचं आणि मध्ये एखादी गझल. मराठीत काही नव्हतं, लंडनच्या मंडळींना १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ होतं.

क्रिकेट मात्र बीबीसीवर असायचं. ऑगस्ट १९७१, ओव्हल, चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड सर्वबाद १०१, आणि अजित वाडेकरच्या टीमने इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच कसोटी आणि मालिका दोन्ही जिंकल्या. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून वर्ष होतं, इकडे सगळ्यांनी रेडिओलाच कान लावले होते.

आणि देवळालीवाल्यांसाठी: १९७४ मध्ये बीबीसी वनवर इट एन्ट हाफ हॉट मम सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धातल्या देवळाली छावणीतल्या सोल्जरांच्या नाटक मंडळीवर, लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः तिथे होते. पण नाशिक शोधू नका, सगळं इंग्लंडमध्येच शूट केलंय. त्यातला रंगी राम झालेला मायकेल बेट्स हा गोरा नट, जन्म झाशीचा, हिंदी येणारा, पण चेहऱ्याला तपकिरी रंग लावलेला, त्यामुळे आता बीबीसी ते परत लावत नाही. माझ्या मते लावू पण नये, अभ्यासाला डीव्हीडी आहेतच.

१९. सेट ब्लॅक अँड व्हाइट पण घरात व्हिडिओ रेकॉर्डर, तर लायसन्स कुठलं?

रंगीतचं. रेकॉर्डर रंगीत रेकॉर्ड करतो म्हणून, तुम्हाला दिसतं राखाडी याच्याशी लायसन्सवाल्यांना घेणंदेणं नाही. फिलिप्सने १९७२ मध्ये घरगुती रेकॉर्डर काढला तेव्हापासून ही भानगड आहे. याच्या उलट, रंगीत सेटचं रंगाचं बटण शून्यावर ठेवून ब्लॅक अँड व्हाइटचे पैसे भरतो असंही चालत नाही, सेट कुठला आहे ते बघतात. आणि हो, ब्लॅक अँड व्हाइटचं स्वस्त लायसन्स ब्रिटनमध्ये अजूनही मिळतं.